गाडी उलटी फिरवा

"गाडी फिरली की, मॅडम."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता कुणी नुसतं 'फिरली' म्हटलं तरी माझे कान तापतात. नगरपालिकेच्या आरोग्य विभागात, स्वच्छता निरीक्षकांच्या टेबलासमोर मी उभी होते. खुर्ची होती, पण तिच्यावर ब्लीचिंग पावडरची गोणी बसली होती आणि तिला उठवायची कुणाची तयारी दिसत नव्हती. साहेबांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. आमच्या गावाचा नकाशा, आणि त्यावर डास मारणाऱ्या धुराच्या गाडीची निळी रेघ. रेघ आमच्या गल्लीतून गेली होती. चांगली ठळक.

"बघा. तुमच्या गल्लीतून गेली का न्हाई?"

"गेली. धूर सोडला नाही."

"आता ते मला इथून कसं दिसंल?"

"मी सांगते ना."

"तुमचं ऐकू का सॅटेलाइटचं ऐकू?"

गावाचं नाव लिहीत नाही. नांदेड आणि लातूर यांच्या मधलं तालुक्याचं गाव आहे, एवढं पुरे. नाव लिहिलं तर त्या एका गावालाच लाज वाटेल आणि बाकीची सुटतील.

मागच्या पावसाळ्यात माझ्या आईला डेंग्यू झाला. नांदेडला नेऊन ठेवावं लागलं. पेशी उतरत गेल्या, आणि मी व बाबा दवाखान्याच्या जिन्यात बसून कुठल्या रक्तपेढीत कोण ओळखीचं आहे ते आठवत राहिलो. ती वाचली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "दुसऱ्यांदा होऊ देऊ नका. दुसऱ्यांदाचा पहिल्यापेक्षा वाईट असू शकतो." होऊ देऊ नका! जसं काही आई डासांना हळदीकुंकवाला बोलावते.

आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यात कधीतरी येतं. म्हणून प्रत्येक दारात ड्रम, हौद, रांजण, आणि डेंग्यूच्या डासाला लागतं ते नेमकं असं साठवलेलं स्वच्छ पाणी. म्हणजे या रोगाचं खरं औषध धूर नाही, रोजचं पाणी आहे. हे मला कळतं. पण रोजचं पाणी बाबांच्या पक्षाच्या, माझ्या आजोबांच्या वेळच्या पत्रकातसुद्धा मागणी क्रमांक एक होतं. ते येईपर्यंत निदान धूर तरी येऊ द्या, एवढंच माझं म्हणणं होतं.

आईसाठीच मी एम.एस्सी.च्या प्रबंधाला हा विषय घेतला. नांदेडला आमच्या विभागात सगळे शेअर बाजार नाहीतर क्रिकेटचे आकडे घेत होते. मी धुराची गाडी घेतली.

गणित सांगायला सोपं आहे. पोस्टमनला किंवा धुराच्या गाडीला नुसतं चार ठिकाणी पोचायचं नसतं, अख्ख्या गल्ल्या पार करायच्या असतात. काम चौकात नसतं, गल्लीत असतं. सगळ्या गल्ल्या व्हाव्यात, टाकीत मावेल तेवढ्याच धुरात एक फेरी व्हावी, आणि एकूण रस्ता कमीत कमी पडावा. त्यासाठी प्रत्येक गल्लीचे दोन आकडे धरायचे. पहिला: या फेरीत इथं धूर सोडायचा का? सोडायचा असेल तर एक, नसेल तर शून्य. दुसरा: धूर न सोडता नुसतं इथून किती वेळा जायचं? कारण पुढच्या गल्लीला पोचायला कधी कधी झालेल्याच गल्लीतून परत जावं लागतं. मग अटी घालायच्या. प्रत्येक गल्लीत कुठल्या तरी एका फेरीत धूर झालाच पाहिजे. गाडी ज्या चौकात जितक्या वेळा शिरेल तितक्या वेळा तिथून बाहेर पडली पाहिजे. आणि सगळे आकडे पूर्णांक पाहिजेत, कारण गल्लीत अर्धी गाडी जात नाही.

पहिल्यांदा मी पूर्णांकाची अट न घालता चालवून बघितलं, तर कॉम्प्युटरनं खरंच अर्धी गाडी पाठवली. अर्धी एका फेरीत, अर्धी दुसऱ्या फेरीत. निरीक्षक साहेबांना दाखवलं तर ते म्हणाले, "मॅडम, ड्रायव्हर पुढच्या अर्ध्यात हाय का मागच्या?" पूर्णांकाची अट घातल्यावर उत्तर आलं ते त्याहून थोर. एक फेरी बसस्टँडच्या मागं सुरेख गोल फिरत होती आणि नगरपालिकेच्या शेडला कुठंच शिवत नव्हती.

बाबांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "ही गाडी तिथं पोचली कशी?"

"पोचली नाही. सगळं शेडला जोडलेलं पाहिजे हे मी त्याला सांगितलं नव्हतं."

"मग तुझ्या गणितात अन् आमच्या पक्षात काय फरक हाय? आमचे बी असेच फिरायलेत. जो तो आपल्या गल्लीत गोल. एकमेकाला जोडलेला एक न्हाई."

जोडलेपणाच्या अटी घातल्या. हजारोंनी निघतात त्या, म्हणून जिथं मोडल्या जातात तिथंच घालत जायचं. शेवटी उत्तर आलं. प्रत्येक गल्लीत धूर, कमीत कमी रस्ता. नगरपालिकेनं ते फुकट मिळतंय म्हणून घेतलं. साहेबांनी माझ्याबरोबर फोटो काढला. यंदाच्या पावसाळ्यात गाडी माझ्या मार्गावरून निघाली.

आणि आमच्या गल्लीत आली ती मुकी.

धुराचं यंत्र सुरू असलं की असा आवाज होतो की शेजारच्याशी बोलता येत नाही. आमच्या गल्लीत नुसता टेम्पोचा आवाज. दिवेलागणीला आई दारात ज्वारी निवडत बसलेली असायची. टेम्पो जायचा. ती मान वर न करता म्हणायची, "गेली मुकी." दोन-चार दिवसांत अख्खी गल्ली तिला मुकी गाडी म्हणू लागली. गणितात अशा नुसत्या जाण्याला एक इंग्रजी शब्द आहे. माझ्या प्रबंधात मी त्याच्या जागी 'मुकी फेरी' असं लिहिलं आणि अजून बदललेलं नाही.

तोवर गल्लीत दोन घरांत ताप आला होता. आईला मी बाह्या लांब असलेला ब्लाऊज शिवून दिला. ती म्हणाली, "डास काय टेलरला विचारून चावतो का?"

मी ड्रायव्हरला गाठलं. शेडमध्ये तो टायरवर बसून चहा पीत होता.

"आमच्या गल्लीत मशीन बंद का करता?"

"बंद करत न्हाई ताई. बंद पडतं. धूर संपतो."

"टाकी भरून निघत नाही का?"

"भरून निघतो की."

"किती भरून?"

"जेवढं देतात तेवढं भरून."

मला सांगितलं होतं की टाकी पूर्ण भरते. गणितात मी पूर्ण टाकी धरली होती. प्रत्यक्षात टाकी अर्ध्याच्या थोडी वर असायची. धुरासाठी मिसळतात ते उरलेलं डिझेल आणि औषध कुठं जातं हे विचारलं की साहेब कॅलेंडरकडे बघायचे. मीही एकदा बघितलं. कॅलेंडरवर फक्त एका खत दुकानाची जाहिरात होती.

म्हणजे धूर कमी पडणार हे ठरलेलं. प्रश्न एवढाच होता की कुणाला कमी पडणार. आमच्या फेरीची गाडी शेडमधून निघते ती आधी शेडजवळच्या अधिकाऱ्यांच्या कॉलनीत, मग बाजारात, मग जुन्या गावात, आणि सगळ्यात शेवटी आमच्याकडे. आमच्या नंतर घरं नाहीत. तिथून हायवे धरून ती रिकामी शेडला परत. आमची वस्ती गावाच्या टोकाला का आहे हे मला कुणी शिकवायला नको. ते ज्या काळात ठरलं त्या काळात नगरपालिका नव्हती. पण तीच जागा माझ्या नव्या कोऱ्या गणितात पुन्हा शेवटची यावी आणि तिथं पोचेपर्यंत धूर संपावा, याचा मला असा संताप आला की मी त्या दिवशी जेवताना ताट सरकवलं. आईनं ते परत पुढं सरकवलं. "डासावरचा राग भाकरीवर काढू नको."

नांदेडला सरांकडे गेले. माझे मार्गदर्शक. हुशार माणूस, पण त्यांच्यासाठी जग एका आकड्यात मावतं: उत्तर सर्वोत्तमापासून किती लांब आहे.

"सर, गाडी उलट्या दिशेनं फिरवली तर?"

"अंतर तेच येईल."

"अंतर तेच. पण धूर कमी पडला तर शेवट कुणाचा होतो ते बदलतं."

"दिशा आपल्या मॉडेलमध्ये नाहीच. रस्ते दुहेरी आहेत. सुलटी फेरी आणि उलटी फेरी हे एकच उत्तर आहे."

"गल्लीतल्या लोकांसाठी एक नाही."

"तो प्रश्नच नाही," सर म्हणाले, आणि चष्मा पुसू लागले.

तो प्रश्नच नाही! नांदेडहून परत येताना एस.टी.त मी हेच वाक्य चघळत बसले होते. गणिताला दोन्ही फेऱ्या सारख्या आहेत, हे सरांचं खरं होतं. पण मग कुठून सुरुवात करायची हे गणितानं ठरवलेलं नाही, हेही तितकंच खरं. ते माणसांनी ठरवलं. शेडच्या फाटकातून गाडी बाहेर आली आणि कुणीतरी स्टिअरिंग डावीकडे वळवलं, कारण कॉलनी डावीकडे आहे. उजवीकडे वळवलं असतं तर तीच फेरी, तेवढंच डिझेल, तेवढाच वेळ, आणि आमच्या गल्लीत धूर.

हे मी साहेबांना समजावलं. देव करो आणि कुणाला असं समजावायची वेळ न येवो.

"रूट सॉफ्टवेअरनं दिलाय मॅडम. त्यात बदल करता येत न्हाई."

"सॉफ्टवेअर माझं आहे."

"मग तर तुम्हाला माहीतच हाय, बदलता येत न्हाई."

"साहेब, उलटी फिरवली तरी तोच रूट आहे."

"उलटा म्हणजे तोच कसा?"

"घरून बाजारात जा. बाजारातून घरी या. अंतर बदलतं का?"

साहेबांनी विचार केला. "येताना हातात पिशवी असती."

मी अर्ज दिले. एक दिला, त्याची पोच घेतली. दुसरा दिला, तो पहिल्याला जोडला. तिसरा दिला तेव्हा बाबूनं विचारलं, "हा त्याचाच हाय का नवा?" गल्लीत तिसऱ्या घरात ताप आला. आमच्याच भिंतीला लागून. आई त्या घरी भात-वरण घेऊन निघाली आणि मी दारात आडवी उभी राहिले.

"तू जाऊ नको."

"माणसापासून होत न्हाई, डासापासून होतं. तूच सांगितलं."

"डास तिथंच आहेत ना!"

"मग इथं काय पोपट हायेत?"

ती गेली. मी बाबांकडे वळले.

माझे बाबा एस.टी.च्या कार्यालयातून निवृत्त झाले, पण पत्रकातून नाही. आमच्या घरात भिंतीला रंग नव्हता तेव्हाही कपाटात गुलाबी-पिवळ्या पत्रकांचे गठ्ठे होते. मी वाचायला शिकले ते 'जाहीर आवाहन' या अक्षरांवर. शाळेत बाईंनी 'ज' कशाचा विचारलं तेव्हा सगळे 'जहाजा'चा म्हणाले, मी 'जाहीर'चा म्हणाले. त्यांच्याबरोबर पत्रकं वाटत मी हे गाव पायी पाठ केलं. बाबा नेहमी सगळ्यात शेवटच्या गल्लीपासून सुरुवात करायचे. पत्रकं कमी पडायचीच, कारण छापायला पैसे कमी पडायचे. "कमी पडू दे," म्हणायचे, "पण चौकात पडू दे. चौकातल्यानं न्हाई वाचलं तरी त्याचं काही अडत न्हाई."

त्या संध्याकाळी मी म्हटलं, "बाबा, पत्रक काढायचं."

त्यांचा चेहरा असा उजळला की मी आईची काळजी क्षणभर विसरले. लगेच पाठकोरा कागद आला. जाहीर निषेध. मागणी एक, रोज पाणी. मागणी दोन, नाल्या बंदिस्त करा. मागणी तीन, आरोग्य केंद्रात डॉक्टर. मागणी चार, औषध घोटाळ्याची चौकशी. मागणी पाच लिहिताना त्यांनी केंद्र सरकारचा उल्लेख केला.

"बाबा, एकच मागणी."

"एका मागणीचं पत्रक असतं का? लगीनपत्रिका हाय का ही?"

"पाच मागितल्या तर ते 'विचाराधीन' म्हणतील. एकच मागू. फुकटातली. ज्याला नाही म्हणायला त्यांच्याकडे कारणच नाही."

"मग घोटाळा सोडायचा?"

"सोडायचा नाही. कॉलनीच्या दारात नेऊन ठेवायचा."

बाबांच्या तत्त्वात हे बसत नव्हतं आणि माझ्याही. पण भिंतीपलीकडून कण्हणं ऐकू येत होतं. त्यांनी चार मागण्यांवर रेघ मारली, अशी की जणू पोटच्या पोरांवर मारताहेत.

छापून आलं ते असं: 'गाडी उलटी फिरवा! एक थेंब डिझेल जास्त लागणार नाही. एक पाऊल रस्ता वाढणार नाही. फक्त सुरुवात आमच्यापासून करा!!!' शेवटी बाबांनी माझ्या नकळत आणखी तीन उद्गारचिन्हं घातली होती. मी ती राहू दिली. त्यांना तेवढं तरी मिळायला हवं होतं.

वाटायला निघालो तेव्हा बाबांनी सवयीनं आमच्या गल्लीपासून सुरुवात केली. मग जुनं गाव, मग बाजार. कॉलनीच्या कमानीपाशी पोचलो तर गठ्ठा संपलेला. बाबांनी रिकाम्या हातांकडे बघितलं, कॉलनीकडे बघितलं, आणि म्हणाले, "चल घरी."

पत्रकाचा फोटो बाजारापर्यंतच्या फोनांवर फिरला, नगरपालिकेतही पोचला. मुख्याधिकाऱ्यांनी मला बोलावलं. आत जाऊन बसते न बसते तोच त्यांनी विचारलं, "उलटी फिरवल्यानं खर्च वाढतो?"

"नाही."

"वेळ?"

"नाही."

"मग फिरवा," ते बाजूला उभ्या निरीक्षकांना म्हणाले आणि फोन उचलला. संपलं. एवढंच होतं ते. इतक्या चकरा, इतके अर्ज, आणि उत्तर एवढंसं की चहासुद्धा यायला वेळ मिळाला नाही. मला आनंद झाला नाही. मला कुणाची तरी कॉलर धरावीशी वाटली, आणि कुणाची धरायची ते कळेना.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला गाडी हायवेकडून आली. वळणावर असतानाच तिचा आवाज गल्लीत शिरला. मग पांढरा धूर, दाट, रॉकेलसारखा वास. शेजारच्या काकू ओरडून काहीतरी म्हणाल्या, ते कुणालाच ऐकू आलं नाही. आईनं ज्वारीच्या सुपावर पदर टाकला. धूर निवळला तेव्हा ती खोकत होती आणि हसत होती.

आणि गाडी तिच्या मार्गानं पुढं गेली. जुनं गाव, बाजार. कॉलनीच्या कमानीत शिरली तेव्हा धूर संपलेला होता. कॉलनीतून गेली मुकी.

तिथं कुणाला काही माहीत नव्हतं. पत्रक तिकडं पोचलंच नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की रोज येणारा धूर आज आला नाही. रात्रीच्या आत फोन गेले. अर्ज नाही, पोच नाही, जोडपत्र नाही. फोन.

त्या आठवड्यापासून टाकी पूर्ण भरू लागली. काठोकाठ. आमच्या गल्लीतही धूर आणि कॉलनीतही धूर, गणितात मी धरलं होतं तसं. मी साहेबांकडे गेले. या वेळी खुर्चीवरची गोणी उचललेली होती.

"टाकी आता फुल असती मॅडम. वरून आदेश हाय."

"मग आधी का नव्हती?"

"आधी तक्रार नव्हती."

"साहेब, माझे तीन अर्ज आहेत तुमच्याकडे."

"ते अर्ज होते," साहेब अगदी प्रामाणिकपणे म्हणाले. "तक्रार वेगळी."

तो माणूस थट्टा करत नव्हता. फिरणं आणि फवारणं यातला फरक त्यांना महिनाभर सांगून कळला नव्हता. पण अर्ज आणि तक्रार यातला फरक त्यांना पाठ होता.

शेजारच्या घरातला ताप उतरला. आईला यंदा अजून काही झालेलं नाही. हे धुरानं झालं की नशिबानं की लांब बाह्यांनी, ते मी सांगू शकत नाही, आणि पावसाळा संपलेला नाही. सरांना मी प्रबंधाचं शेवटचं प्रकरण पाठवलं. त्यात एक परिच्छेद आहे: टाकी कमी पडण्याची शक्यता असेल तर समान लांबीच्या दोन फेऱ्या समान नसतात, आणि कुठून सुरुवात करायची हे ज्यानं ठरवलं त्यानं ते लिहून द्यावं. सरांनी समासात लिहिलं, 'विषयाबाहेर.' मी तो काढलेला नाही.

परवा गाडी जाऊन गेल्यावर आई अंगणातले ड्रम पुसत होती. धुराचा तेलकट थर झाकणावर बसतो. ती वैतागून म्हणाली, "रोज धूर, रोज ही पुसापुशी. त्यापरीस रोज पाणी आलं असतं तर हे ड्रम भरावेच लागले नसते. त्याचं काढा की पत्रक, बापलेक मिळून."

बाबा चष्मा शोधत उठले. पाठकोरा कागद घेऊन बाजेवर बसले.

"एकच मागणी," मी म्हटलं.

"एकच," बाबा म्हणाले, आणि त्यांनी कागदावर आधी '१)' असं लिहिलं.